मिठाचं दुसरं नाव

डॉक्टरांनी गेल्या महिन्यात माझं मीठ बंद केलं. माझ्या नातवाच्या वयाचा मुलगा तो, कानाला नळ्या लावून गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बाई, आयुष्यभर पुष्कळ मीठ खाल्लंत, आता पुरे." मला हसूच फुटलं. त्याला काय माहीत, ही म्हातारी मिठातच जन्मली, मिठातच रांगली आणि चालायला शिकली तीही मिठागराच्या बांधावर. पण खाण्याचं म्हणाल, तर तेव्हा आम्हाला चिमूटभर मीठ वाण्याकडून आणावं लागे. दारासमोर पांढऱ्याशुभ्र राशी, आणि त्यातलं खडाभर उचललं तर चौकीवरचा शिपाई बायकांच्या पदराच्या गाठी सोडून बघायचा. तेव्हा डॉक्टरसाहेब, माझं मीठ तुम्ही बंद करताय तसं सरकारनंही एकदा करून बघितलेलं आहे.

आमचं गाव दिवा स्टेशनाच्या अलीकडे, खाडीला चिकटून. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला मिठाची आगरं, आणि मधल्या उंचवट्यावर वीसपंचवीस कुडाची घरं. खाडीपलीकडून आगगाडी जायची, तिची शिटी हेच आमचं घड्याळ. सकाळच्या शिटीला आई पेजेचं मडकं उतरवी, दुपारच्या शिटीला बायका आगरातून भाकरी खायला बांधावर येत. बाबा उघाडीवर होता. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी दारं. भरतीला ती उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं, हवं तेवढं झालं की पाडायची. भरती दिवसाची असो की पहाटेची, बाबाला ती झोपेतही कळे. आई म्हणायची, "याच्या पोटात खारी खाडी हाय, बायको-पोरा नाय." बाबाला आम्ही अरेतुरेच करत असू. बापाला अहोजाहो करतात हे मी ठाण्याला गेल्यावर शिकले, आणि शिकूनही माझ्या तोंडात ते कधी बसलं नाही.

दिवाळी झाली की आगर उघडायचं. आधी सगळा चिखल तुडवायचा. बायका, पोरी कमरेला कमर लावून रांगेनं उभ्या राहायच्या आणि गाणी म्हणत पायांनी चिखल दाबत जायच्या, तळ घरातल्या सारवलेल्या भुईसारखा घट्ट होईस्तोवर. गाण्यात सासू असायची, नणंद असायची, आणि जी बाई त्या दिवशी कामाला आलेली नसे तिचं नाव घालून एक कडवं जास्तीचं असायचं. मला ते फार आवडे. पुढं ऊन तापलं की पाणी आटायचं, तळावर खडे धरायचे, आणि मग पुरुष लांब दांड्याच्या फळ्यांनी ते ओढायला लागायचे. खर्रर्र, खर्रर्र असा आवाज दिवसभर. अजूनही बाहेर कुणी रस्ता झाडायला लागलं की मला बाबाची हाक येईलसं वाटतं. पायांना मात्र हे काही गमतीचं नव्हतं. मिठानं बोटांच्या बेचक्या फाटायच्या, आई त्यात खोबरेल भरायची आणि आम्ही बोंबलायचो. "बोंबला," ती म्हणायची, "खाडीतले बोंबील तरी येतील."

खायला तांदळाची भाकरी, सुकट, आणि बाबा उघाडीवरून येताना आणील ते. बहुतेक वेळा निवट्या, चिखलात उड्या मारणारे ते मासे. नाहीतर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. या चिंबोऱ्या बांधात बिळं करून राहायच्या आणि बांध आतून पोखरायच्या. बाबा बिळात हात घालून त्यांना ओढून काढी. आम्ही त्या खाऊन जेवढ्या कमी करू तेवढा बांध जास्त टिकणार, असं बाबाचं गणित होतं. म्हणून चिंबोरीचा रस्सा आमच्या घरात कधी नको झाला नाही. आगराची सेवा करतोय म्हणून आम्ही बोटं चाटत जेवत असू.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्या गावात दिवा लागला की मिठाला मीठ म्हणायचं नाही. 'गोडं' म्हणायचं. "जरा गोडं वाढ," "कालवणात गोडं कमी हाय." का, तर उजेड गेला की मिठाला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. नाव घेतलं की त्याला वाटतं खाडीनंच हाक मारली, आणि ते उठून परत खाडीत जातं. दिवसा कितीही वेळा म्हणा, दिवसा ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतं ना कोण बोलतंय ते! हसा, खुशाल हसा. मीही पुढं वर्गात मुलींना हे सांगून हसवलंय. पण तेव्हा, राशी उघड्यावर पडलेल्या असताना, गावातला पाळण्यातून नुकता उतरलेला पोरगाही तिन्हीसांजेनंतर तो शब्द उच्चारत नसे. एका नव्या सुनेनं एकदा चुकून म्हटलेलं, तर तिच्या सासूनं तिला रात्रभर आगराच्या दिशेला तोंड करून बसवलं होतं.

मी शाळेत गेले ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन. गावदेवीच्या देवळाच्या पडवीत पंतोजी शाळा घ्यायचे. ते घाटावरचे, बारीक अंगाचे, नाकात तपकीर. पटावर वीस नावं असल्याशिवाय शाळा चालणार नाही असा वरून हुकूम होता, आणि पोरं भरत होती एकोणीस. मी रोज पडवीबाहेर भावाला खेळवत बसायची आणि आतले पाढे बाहेरून म्हणायची. एके दिवशी आतल्या एकाचा सतराचा पाढा अडला आणि मी बाहेरून पुरा केला. पंतोजींनी मान बाहेर काढली. "कोण गं तू?" "पारी." "आत ये. आजपासून तू विसावी." असं माझं शिक्षण सुरू झालं. माझ्या हुशारीपेक्षा पंतोजींच्या अडचणीचे त्यात जास्त उपकार आहेत.

पण पुढं पंतोजींना माझा लळा लागला, खोटं कशाला बोलू. तीन वर्षांत त्यांच्याकडचं सगळं मी संपवलं. एक दिवस ते भर दुपारी, डोक्यावर पंचा टाकून, उघाडीवर बाबाला भेटायला आले. म्हणाले, "चैत्रात शाळा तपासणारे डिपोटीसाहेब परीक्षेला येणार आहेत. पारी पास झाली तर ते ठाण्याच्या मुलींच्या शाळेला चिठ्ठी देतील. राहणं, जेवण तिथंच. पुढं ती मास्तरीण होईल." बाबानं दार पाडलं, हात धुतले आणि विचारलं, "मास्तरीन म्हंजे तुमच्यासारखी?" "माझ्यासारखी." बाबानं पंतोजींकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांचे पाय कुठंही फाटलेले नव्हते. "चालंल," बाबा म्हणाला.

आईला चालणार नव्हतं. शहाडच्या एका घरून मला मागणी आलेली होती. त्यांची वीटभट्टी, मुलगा माझ्याहून पुष्कळच थोराड, मिशीवाला. मी अकरा वर्षांची. आईचंही काही वाकडं नव्हतं, तिला लेकीला आगरातून सोडवायचं होतं आणि तिला ठाऊक असलेलं एकच दार म्हणजे लग्न. दोघांचं आठ दिवस वाजलं. शेवटी तोड निघाली. पास झाली तर ठाणं. नापास झाली तर दुसऱ्या दिवसापासून आगरात, आणि दिवाळी झाली की शहाड. "मग बोंबलू नको हां," आई मला म्हणाली. मी कशाला बोंबलतेय? मला सगळं येत होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आईनं माझ्या केसांत इतकं तेल घातलं की ते कपाळावरून ओघळत होतं. आम्ही वीसही जण पडवीत मांडी घालून बसलो. डिपोटीसाहेब ठाण्याहून होडीनं येणार होते. तांडेलानं ओहोटीची वेळ चुकवली आणि होडी आमच्या गावासमोरच चिखलात बसली. पलीकडे दिसतेय, पण ना पुढं येता येत, ना मागं जाता येत. चिखल कमरेइतका, साहेब उतरणार कसे? ते छत्री उघडून होडीत बसले. आम्ही पडवीत बसलो. दुपारची शिटी झाली, साहेब छत्रीत. पोरं भुकेनं पेंगायला लागली, साहेब छत्रीत. पंतोजी दर घटकेला बंदरावर जाऊन लांबूनच नमस्कार करून येत. भरती आली तेव्हा सूर्य पार कलला होता. साहेब पडवीत चढले, पाणी प्याले, घाम पुसला आणि म्हणाले, "असू द्या, सुरू करू." पंतोजींनी घासलेटचा कंदील लावून मधोमध टांगला.

वाचन झालं. शुद्धलेखन झालं. त्रैराशिक मी सगळ्यांच्या आधी सोडवलं. साहेब खूश झाले, दिवसभर उन्हात तापलेला माणूस प्रथमच हसला. "आता वस्तुपाठातला एक प्रश्न," ते म्हणाले, "आणि तुला अगदी सोपा विचारतो हो. होडीत बसून दिवसभर तेच बघत होतो. तुमच्या गावाभोवती या पांढऱ्या राशी आहेत, त्या कशाच्या?"

मी तोंड उघडलं आणि वर बघितलं. कंदील जळत होता.

"सांग, सांग."

"उद्या सकाळी सांगते," मी म्हणाले.

साहेबांना वाटलं मी थट्टा करतेय. "उद्या मी इथं नाही. आत्ता सांग. खाडीच्या पाण्यातून काय मिळतं?"

पडवीच्या कडेला उभं राहिलं की राशी दिसायच्या. वर्षाचं सगळं पीक, अजून झाकलेलंही नाही. मी हळूच म्हणाले, "गोडं."

"काय?"

"गोडं, साहेब."

साहेबांनी पंतोजींकडे बघितलं. पंतोजी लाल झाले. बिचाऱ्यांना तीन वर्षांत आमची ही भानगड कळलेलीच नव्हती. शाळा दिवसाची, आणि संध्याकाळी ते आपल्या घरात, कुणाच्या चुलीशी येणंजाणं नाही. "अगं पारे, काय बोलतेस! रोज ज्यात उभी असतेस ते! कोण सांगेल रे? हात वर करा!" एकोणीस पोरांतला एकही हात वर गेला नाही. सगळे माना खाली घालून अंगठ्यानं भुई उकरत होते. अख्ख्या मिठागरातल्या अख्ख्या शाळेला मीठ ठाऊक नाही! साहेबांनी चष्मा काढून पुसला. "खाडीचं पाणी गोड म्हणणारी मुलगी उद्या दुसऱ्यांना काय शिकवणार?" असं म्हणून त्यांनी माझ्या नावापुढं लिहिलं. उलटं दिसत असूनही मला वाचता आलं. नापास.

पाटीवर लिहून दाखवायचं, हे मला सुचायला चाळीस वर्षं लागली. एकदा वर्गात एका लाजाळू मुलीला मी म्हणाले, "बोलवत नाही तर लिही," आणि माझ्याच हातातला खडू खाली पडला.

घरी आले तर आई चुलीपाशी, बाबा नुकता जेवायला बसलेला. मी सगळं सांगितलं आणि मग रडले. आईनं आधी एकच विचारलं, "नाव नाय ना घेतलास?" "नाही." "गुणाची माजी बाय ती!" तिनं माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली आणि माझ्या थाळीत दोन निवट्या जास्तीच्या वाढल्या. खरोखरच तिला माझं कौतुक वाटलं होतं. "सगल्या गावाचा पीक राखलास. पासाला काय चाटाचाय?"

बाबा भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसला. मग म्हणाला, "तुना येत होता?"

"काय?"

"उत्तर. येत होता काय?"

"असं काय विचारतोस बाबा? येणार नाही होय?"

"मग?"

"दिवा लागलेला."

बाबानं तुकडा थाळीत ठेवला आणि भरल्या पानावरून उठून हात धुतले. आई म्हणाली, "आरं, जेव तरी!" त्यानं खुंटीवरचा पटका डोक्याला गुंडाळला, माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "चल."

साहेब रात्री पंतोजींकडेच उतरले होते; त्यांच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा ओटीवर पानं मांडलेली होती. साहेब सोवळ्यात, समोर केळीचं पान, बाजूला समई, पंतोजींच्या घरच्या काकू वाढत होत्या. साहेब जेवताना मौन पाळायचे. हे बाबाला काय माहीत? तो अंगणाच्या कडेला उभा राहिला, घसा खाकरला आणि पुटपुटला, "मीठ."

आयुष्यात मी बाबाच्या तोंडून दिव्यानंतर तो शब्द पहिल्यांदा ऐकला. काकू म्हणाल्या, "अगंबाई, वाढलंय की मीठ." साहेबांनी मान वर केली, हाताच्या खुणेनं विचारलं, काय पाहिजे? बाबाला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. तो एक पाऊल पुढं झाला. "मीठ, रावसाब." साहेबांनी पानाच्या टोकावरच्या मिठाकडे बोट दाखवलं आणि पंतोजींकडे बघितलं, हा वेडा कोण? तेव्हा बाबानं छाती भरून श्वास घेतला आणि भरतीच्या वेळी खाडीपलीकडच्याला हाळी द्यावी तसा ओरडला, "मीठ! माज्या पोरीचा उत्तर मीठ हाय!" आजूबाजूच्या घरांतली बोलणी बंद झाली. आवाज थेट आगरापर्यंत गेला असणार.

साहेबांनी मौन मोडलं. "अहो, मग तिनं सांगितलं का नाही?"

बाबानं सगळं सांगितलं. दिवा, नाव, खाडीची हाक, उघड्यावरची रास. साहेब घास हातात धरून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मग तुम्ही आत्ता कसं घेतलंत नाव?"

"पोरगी नापास झाली ना," बाबा म्हणाला.

साहेब उठले, आचवले, आणि पट मागवला. समईच्या उजेडात त्यांनी आधीचा शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला. चिठ्ठीही तिथंच बसून लिहिली. मला म्हणाले, "मुली, जाशील तिथं दिवसाउजेडी परीक्षा दे." पंतोजी हसले, काकू हसल्या, मीही हसले. बाबा तेवढा आगराकडे बघत उभा होता.

आठव्या दिवशी पुनवेचं उधाण आलं. भर दुपारी, ऊन रणरणत असताना, उघाडीपासून लांब, आगराच्या पार दुसऱ्या टोकाला बांध फुटला. बाबा दारं सोडून धावला, सगळं गाव धावलं, चिखलाची ढेकळं, चटया, घराची दारंसुद्धा आणून लावली. खाडी आत आली ती आलीच. राशी आधी खालून करड्या झाल्या, मग बसल्या, मग नव्हत्याच. बायका बांधावर उभ्या राहून ऊर बडवत होत्या. बांध चिंबोऱ्यांनी पोखरलेला होता, हे आज मला शपथेवर सांगता येईल. पण चिंबोरीला कोण काय बोलणार? आवाज सगळ्यांनी ऐकला होता तो बाबाचा. कुणी त्याला शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारावरून कुणी जाईना, आणि आठवड्यात आगराच्या मालकानं उघाडी दुसऱ्याला दिली. आई आधी बाबाशी बोलायची थांबली, मग सामान बांधायला लागली. मी ठाण्याच्या शाळेत गेले आणि माझ्या मागोमाग सगळं घरच ठाण्याला आलं.

बाबानं पुढं बंदरावर ओझी वाहिली. भरती कळणारा माणूस, पण तिथं ते कुणाला नको होतं. सुट्टीला मी घरी जायची, बंदरामागच्या अंधाऱ्या खोलीत. मी शेवटच्या वर्गात होते तेव्हाची गोष्ट. मला फार अक्कल आलेली होती. पाण्याची वाफ कशी होते, खडे कसे धरतात, सगळं मी घडाघडा सांगत असे. दिवा लागल्यावर बाबा जेवायला बसला, एक घास खाल्ला आणि म्हणाला, "पारे, जरा गोडं दे."

मला राग आला. सात वर्षांचा साठलेला राग होता तो, कुणावरचा ते माझं मलाच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "बाबा, आता कुठलं आगर नि कुठलं काय! मीठ म्हण की सरळ. त्याला कान नसतात. बांध चिंबोऱ्यांनी फोडला, तुझ्या बोलण्यानं नाही."

"आसल," बाबा म्हणाला. "तू शिकलीस, तुना ठाव."

"मग म्हण ना. त्या दिवशी तर तीनतीनदा म्हणालास! तेव्हा नाही वाटलं, ते ऐकेल म्हणून?"

बाबानं माझ्याकडे बघितलं. ओझ्यांनी त्याची मान पुढं आलेली होती, त्यामुळे वर बघताना त्याला डोळे फार उचलावे लागत. "ऐकंल हा मना पक्का ठाव होता," तो म्हणाला. "तरी बोललो. एकदा बोललो ता पुरा हाय."

आई आमच्याकडे पाठ करून चुलीशी बसली होती, ती वळली नाही. मी उठले, फळीवरची वाटी काढली आणि त्याच्या पानापाशी ठेवली.

"घे, बाबा," मी म्हणाले. "गोडं."